पिशवीचं ऑपरेशन: आधीची तयारी आणि घरी आल्यावरची काळजी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गर्भपिशवी काढायचं ठरलं की बाई स्वतः फार थोडं विचारते. विचारतात ते तिची बहीण, सून, नवरा. तेही बहुतेक वेळा ऑपरेशन होऊन गेल्यावर, घरी काहीतरी अडल्यावर. यवतमाळ, वर्धा, अमरावती, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत.

उत्तरं कॅन्सर नसलेल्या आजारासाठी केलेल्या ऑपरेशनला धरून आहेत. वेगळी परिस्थिती असेल तर प्रश्न २१ पासून पुढे पाहा. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, तुमच्या पोटात काय होतं ते त्यांनी पाहिलं आहे. ऑपरेशन झालं असेल आणि काहीतरी बिघडतंय असं वाटत असेल तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न १३ वाचा.

## ऑपरेशन ठरण्याआधी

१. डॉक्टरनं पिशवी काढा म्हणलं. काढाच लागते काय?

कॅन्सर असेल, जीवावर बेतणारा रक्तस्राव असेल, तर हो. बाकी बहुतेक कारणांत विचार करायला वेळ असतो आणि दुसरे उपायही असतात. पाळीत फार रक्त जात असेल तर रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोन असलेली तांबी यांनी अनेकींचं काम भागतं. गाठ लहान असेल, त्रास नसेल, तर तिच्यावर नुसती नजर ठेवता येते. कधी फक्त गाठ काढून पिशवी ठेवता येते. पाळी जायच्या वयाजवळ आलेल्या बाईच्या गाठी पाळी गेल्यावर बहुधा आकसतात.

अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, पिशवीला सूज आहे, एवढ्यावर पिशवी काढू नये. 'आत्ता काढली नाही तर कॅन्सर होईल' असं कुणी म्हटलं तर तपासणीचा कागद मागा. पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली का? सोनोग्राफी झाली का? रक्तस्राव असेल तर आतल्या अस्तराचा तुकडा तपासला का? यातलं काही झालं नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, जमलं तर सरकारी किंवा मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात. यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

हा विषय हलका नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्याचं समोर आल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारला समिती नेमावी लागली. अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी केंद्राने केलेल्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितलं. आपल्या विदर्भातलीही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के. त्या आजारांत संसर्गाचा वाटा मोठा होता. संसर्ग औषधाने बरा होतो. म्हणून पहिला त्रास सुरू झाला तेव्हाच दाखवा. वर्षानुवर्षं अंगावर काढलं की मग सगळ्यांनाच ऑपरेशन हा एकच मार्ग दिसायला लागतो.

२. यात नेमकं काय काय काढतात?

सहसा पिशवी आणि पिशवीचं तोंड. कधी तोंड ठेवतात. गर्भनळ्या बहुतेक वेळा सोबत काढतात. अंडाशय काढायचे की ठेवायचे हा मात्र वेगळा निर्णय आहे आणि सही करण्याआधी तो तुम्हाला कळलाच पाहिजे. पाळी सुरू असलेल्या बाईचे अंडाशय चांगले असतील तर ते ठेवणंच बरं (का, ते प्रश्न १९ मध्ये). संमतीच्या कागदावर काय लिहिलंय ते मराठीत वाचून दाखवायला सांगा. अंगठा देणाऱ्या बाईलाही हा हक्क तेवढाच आहे.

३. पोट फाडून, खालून, की दुर्बिणीनं? कोणतं चांगलं?

पिशवी किती मोठी आहे, आधी सिझर झालं आहे का, अंग बाहेर येतं का, यावर ते ठरतं. खालून किंवा दुर्बिणीने झालं तर दुखणं कमी, एक-दोन दिवसांत घर, आणि बाई लवकर हिंडाफिरायला लागते. पोटावर चिरा घेतला तर दवाखान्यात जास्त दिवस राहावं लागतं. पण आत, योनीच्या टोकाला घातलेले टाके तिन्हींत असतात आणि ते भरायला तेवढाच वेळ लागतो. दुर्बिणीवाल्या बाईच्या पोटावर तीन-चार बारीक खुणा पाहून घरचे म्हणतात, हिला काय झालं? आणि आठव्या दिवशी ती विहिरीवर असते.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखतो, त्याने घाबरू नका. पोटात भरलेल्या हवेमुळे दुखतो, दोन-तीन दिवसांत थांबतो.

४. खर्च किती? योजनेत बसते काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. मात्र योजनेतली काही ऑपरेशनं फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखीव असतात. तुमचं ऑपरेशन कुठे बसतं ते भरती होण्याआधी दवाखान्यात या योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा, किंवा १५५३८८ वर फोन करा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड दोन्ही सोबत ठेवा, दोन्हींवर नाव सारखं आहे का तेही पाहून घ्या. माहेरचं नाव एकावर आणि सासरचं दुसऱ्यावर, एवढ्यावरून पुष्कळदा अडतं.

सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं मेडिकल, मेयो आणि डागा, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची मेडिकल कॉलेजं, अमरावतीचं डफरीन: या ठिकाणी हे ऑपरेशन नेहमी होतं. तारीख उशिराची मिळते खरी, पण घाईचं कारण नसेल तर तो वेळ प्रश्न ६ आणि ८ मधल्या तयारीला वापरा.

५. कोणत्या महिन्यात करावं? उन्हाळ्यात टाके पिकतात म्हणते.

टाके पिकतात ते घाण, ओल, न आवरलेली साखर आणि कमी रक्त यांच्यामुळे. उन्हाळ्यात घाम येतो म्हणून जागा कोरडी ठेवायला जास्त लक्ष द्यावं लागतं, एवढंच. खरी अडचण दुसरी आहे. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, लाइट जाते, आणि नेमकं तेव्हाच पाणी लांबून आणावं लागतं.

पावसाळ्यात निंदण आणि रोवणी, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन, मग कापूस, उन्हाळा लागला की मोहफुलं आणि तेंदूपत्ता. बाईच्या कामाला रिकामा महिना नसतोच. म्हणून आमचं सांगणं असं, की महिना पाहू नका, माणूस पाहा. ज्या दीड-दोन महिन्यांत पाणी भरायला आणि स्वयंपाक करायला घरात दुसरं कुणी नक्की असेल, ती तारीख चांगली.

६. रक्त ७ आहे म्हणून परत पाठवलं. आता?

बरं केलं त्यांनी. ऑपरेशनमध्ये रक्त जातंच. आधीच कमी असेल तर बाहेरचं रक्त चढवावं लागतं आणि जखमही सावकाश भरते. तातडी नसेल तर हिमोग्लोबिन १० च्या वर नेऊन मगच ऑपरेशन करणं चांगलं. लोहाची गोळी लिंबूपाणी किंवा संत्र्यासोबत घ्या, चहासोबत नको. चहाने गोळीतलं लोह अंगी लागत नाही. गोळीने शौच काळी होते, त्याला घाबरून गोळी बंद करू नका. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. वेळ कमी असेल किंवा गोळी सोसत नसेल तर लोहाचं इंजेक्शन सलाइनमधून देतात, त्याबद्दल विचारा. दर महिन्याला रक्त जातच असेल तर ते थांबवायचं औषधही सोबत लागेल. नुसतं खाऊन-पिऊन ७ चं १० एका महिन्यात होत नाही.

आपल्याकडे रक्त कमी असण्यामागे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही असू शकतो. ती तपासणी झाली नसेल तर प्रश्न २१ पाहा.

७. मी खर्रा खातो. डॉक्टरले सांगाच लागते काय?

सांगाच, लाजू नका. भूल देणाऱ्या डॉक्टरांसाठी ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. खर्र्यातल्या सुपारीने तोंड उघडणं हळूहळू कमी होतं आणि मग श्वासाची नळी घालणं अवघड जातं. स्वतः पाहा: उभी धरलेली तीन बोटं तोंडात जात नसतील तर ते पहिल्याच भेटीत सांगा. म्हणजे डॉक्टर तयारीने येतील. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं. ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी खर्रा, तंबाखू, गुल बंद करावा. महिना उरला नसेल तर आजपासून करा. ऑपरेशननंतर 'शौच होत नाही' म्हणून तंबाखू परत धरणाऱ्या बाया आहेत, त्यांनी प्रश्न १२ वाचावा.

८. भरती व्हायच्या आधी घरी काय करून ठेवायचं?

आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि हाच सगळ्यांत कमी विचारला जातो. ऑपरेशन दोन तासांचं असतं, पण पुढचे सहा आठवडे घर सांभाळणार कोण? बाई भरती व्हायच्या आधीच सगळ्यांना बसवून हे ठरवा: पाणी कोण भरणार, चूल कोण पेटवणार, गुरांचं शेणपाणी कोण काढणार, धुणं कोण धुणार. 'पाहू तेव्हा' असं उत्तर मिळालं तर ते काम शेवटी तिच्याच अंगावर येतं. नवऱ्याने आणि मोठ्या मुलांनी भाकरी नाही तरी खिचडी, वरण, भात शिकून घ्यावं. जावेवर किंवा शाळकरी मुलीवर सगळं टाकू नका. आई किंवा बहीण यायची असेल तर तिचे पहिले दोन आठवडे पक्के करा.

मग वस्तू. रोज लागणारे डबे, भांडी, कपडे कमरेच्या उंचीवर आणून ठेवा, खालून उचलणं नको आणि फळीवरून काढणंही नको. निजायला बाज किंवा पलंग हवा, जमिनीवरून उठताना पोटावर ताण येतो. बाज सैल असेल तर आवळून घ्या. बसून वापरायची कमोड खुर्ची आणून ठेवा, मेडिकल दुकानात मिळते, कधी भाड्यानेही मिळते. सैल गाऊन घ्या. साडी नेसणार असाल तर परकराचा नाडा चिऱ्यावर येणार नाही असं पाहा. सुती पॅड, तापमापक, चार्ज केलेला फोन आणि त्यात दवाखान्याचा नंबर.

सोबत न्यायच्या पिशवीत जुने सगळे कागद, सोनोग्राफी, रोजच्या गोळ्या पाकिटांसकट. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र घरीच काढून ठेवा. पोटावरचे किंवा खालचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक कापांतून जंतू शिरतात. लागलं तर दवाखान्यात काढतील.

९. उपाशी किती वेळ? बीपी-शुगरच्या गोळ्या घ्यायच्या काय?

साधारण सहा तास आधी खाणं बंद, दोन तास आधी पाणीही बंद. चहात दूध असतं, म्हणून चहा खाण्यातच धरा. नक्की वेळ भूल देणारे डॉक्टर सांगतील. 'काल संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नाही' असा उपास करू नका, त्याने उलट त्रास होतो. आणि चोरून काही खाल्लं असेल तर खरं सांगा, तारीख पुढे जाईल पण जीव वाचेल.

गोळ्यांचं आपल्या मनाने काहीही ठरवू नका. काही बीपीच्या गोळ्या त्या सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायच्या असतात, काही थांबवायच्या असतात. शुगरच्या गोळ्या आणि रक्त पातळ करणारी औषधं तर विचारूनच. वैद्याचा झाडपाला, काढा घेत असाल तर तेही सांगा.

## घरी आल्यावर

१०. घरी कसं आणायचं? गाडीवर चालते काय?

मोटरसायकलवर नको, एका बाजूला पाय सोडून तर अजिबात नको. गावातल्या कुणाची चारचाकी पाहा, हळू चालवा, पोटाशी उशी धरा. लांबचा रस्ता असेल तर मध्ये थांबून चार पावलं चाला. गाव आत असेल, रस्ता फुटका असेल, तर टाके निघेपर्यंत तालुक्याला नातेवाइकाकडे राहणं शहाणपणाचं. नंतरही निदान महिनाभर मागे बसून गाडीवर जाणं टाळा. स्कुटी चालवणाऱ्या बाईने सहा आठवडे थांबावं.

११. पाणी भरणं, चूल, वावर... कधीपासून?

पहिले दोन आठवडे: उठणं, घरात आणि अंगणात फिरणं, स्वतःचं आवरणं, बसून भाजी निवडणं. एवढंच. पण पडून राहायचं नाही. दिवसातून चार-पाचदा चालायचं, अंथरुणात असताना पायाचे पंजे वर-खाली करायचे. नाहीतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ओट्यावर उभं राहून हलका स्वयंपाक चालतो. खाली चुलीसमोर बसणं अजून नको. उठबस होते, आणि धुराने खोकला आला की टाक्यांवर ताण येतो. खोकला आलाच तर उशी पोटाशी दाबून खोकला.

सहा आठवड्यांपर्यंत चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. भरलेला पंधरा लिटरचा गुंड पंधरा किलो झाला, शिवाय भांड्याचं वजन वेगळं. 'अर्धाच गुंड आणते' हेही जास्तच. हापशी मारणं, ओला धुण्याचा पिळा, शेणाचं टोपलं, चाऱ्याचा भारा, कडेवर नातू, हे सगळं याच हिशेबात धरा. वरची कातडी दहा दिवसांत जुळते, पण आतला थर भरायला महिने लागतात. तो सुटला तर पुढे हर्निया होतो आणि दुसरं ऑपरेशन करावं लागतं.

वावरात निंदायला दोन महिन्यांनी, तपासणी झाल्यावर, आधी अर्धा दिवस. कापूस वेचताना कमरेला बांधलेली ओटी जड होत जाते, म्हणून ती वारंवार रिकामी करा. भारे आणि पोती तीन महिन्यांपर्यंत नकोतच. मजुरी बुडते हे खरं आहे आणि ती झळ लहान नाही. पण हर्नियाचं दुसरं ऑपरेशन झालं तर त्याहून जास्त मजुरी बुडते.

१२. संडास कडक होते, कुंथाव लागते. खाली बसू काय?

कुंथायचं नाही, ही पक्की गोष्ट. भरपूर पाणी प्या, रात्री कोमट पाण्यातून इसबगोल घ्या, पपई, पालेभाजी, ज्वारीची भाकर खा. जवसाची चटणी आपल्याकडे घरोघरी असते, ती फार उपयोगी, फक्त पहिल्या दिवसांत तिखट कमी घाला. तीन दिवस झाली नाही तर डॉक्टरांना विचारून पातळ औषध घ्या. दुखण्याच्या काही गोळ्यांनी आणि लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतो, तेही सांगा.

उकिडवं बसल्याने टाके तुटत नाहीत, पण बसता-उठताना पहिले तीन-चार आठवडे जड जातं. तोपर्यंत कमोड खुर्ची. बाहेर वावराकडे जायची वेळ येऊ देऊ नका, अंधारात पाय घसरला तर वेगळंच होऊन बसेल.

१३. कोणती लक्षणं दिसली की थांबायचं नाही?

लगेच १०८ ला फोन करा: एका तासात पॅड पूर्ण भिजतंय किंवा मोठ्या गाठी पडताहेत, दम लागतो, छातीत दुखतं, एका पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखते, चक्कर येऊन बाई पडली, खालून एकदम पाणी-रक्त येऊन काहीतरी बाहेर आल्यासारखं वाटतं.

त्याच दिवशी दवाखान्यात जा, उद्यावर टाकू नका: ताप १००.४ च्या वर. खालून घाण वास येतो. चिऱ्यातून पू, कडा उघडल्या. पोट फुगलं, उलट्या, वायूही सरत नाही. लघवी होत नाही किंवा फार आग होते.

एक लक्षण बाया लपवतात, म्हणून ते वेगळं सांगतो. ऑपरेशननंतर काही दिवसांनी किंवा दोन आठवड्यांत खालून सतत पाण्यासारखं गळायला लागलं, कपडे लघवीने ओले राहायला लागले, तर मूत्राशयाला किंवा मूत्रनलिकेला इजा झालेली असू शकते. ही तुमची चूक नाही आणि याला इलाज आहे. घरात वेगळ्या कोपऱ्यात बसून दिवस काढू नका. पहिल्याच दिवशी दाखवा.

१४. पाळी बंद होणार होती, मग हे रक्त कायचं?

आतल्या टाक्यांचं. थोडं लालसर, मग तपकिरी, मग पिवळट असं चार ते सहा आठवडे जाऊ शकतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात टाके विरघळताना एखाद्या दिवशी जरा जास्त दिसतं, दोऱ्याचा तुकडाही पडतो. पॅडच वापरा, आत काही ठेवू नका. पॅड भिजण्याइतकं असेल तर प्रश्न १३. पिशवीचं तोंड ठेवलं असेल तर काहींना पुढेही महिन्याच्या महिन्याला थोडा डाग दिसतो.

१५. सासू म्हणते भात, तुरीचं वरण, वांगं खाल्लं तर पू होते. पाणीही कमी दे म्हणते.

सासूबाईंची काळजी खरी आहे, पण या पदार्थांनी पू होत नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि आपल्या घरात ती वरणातून, अंड्यातून, फल्लीदाण्यांतून, दुधातून, मटणाच्या पातळ रश्शातूनच येतात. नुसत्या चहा-टोस्टवर ठेवलेल्या बाईची जखम रखडते. पहिल्या दोन-तीन दिवसांत खिचडी, वरणभात, मग रोजचं जेवण. झणझणीत तिखट आणि तेलकट पंधरा दिवस बाजूला ठेवा. पाणी दिवसाला दोन-अडीच लिटर, उन्हाळ्यात आणखी. पाणी कमी केलं की लघवीची जळजळ आणि बद्धकोष्ठ दोन्ही होतात.

१६. आंघोळ कधी? चिऱ्यावर हळद लावावी काय? शेगडीचा शेक? पट्टा?

आंघोळ डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, सहसा दोन-तीन दिवसांनी, स्टुलावर बसून. साध्या साबणाचं पाणी वरून वाहू द्यायचं, घासायचं नाही, मग स्वच्छ फडक्याने टिपून कोरडं करायचं. नदी, तलाव, टाक्यात उतरणं सहा आठवडे नाही. चिऱ्यावर हळद, राख, तूप, शेंदूर काहीही लावू नका. शेगडीचा शेक पोटाला देऊ नका, चिऱ्याभोवतीची कातडी बधिर असते, भाजलेलं कळत नाही. पट्ट्याने चालताना आधार वाटत असेल तर वापरा, निजताना काढा. त्याने टाके लवकर भरतात असं नाही. वरचे टाके साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान काढतात. गावातल्या कुणाकडून काढून घेऊ नका.

१७. मणक्यात इंजेक्शन दिलं, आता जन्मभर कंबर दुखते काय?

नाही. सुईची जागा काही दिवस दुखते. पुढे जी कंबर दुखते ती बहुधा पडून राहण्याने, वाकून काम करण्याने. उठून बसलं की डोकं फार दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, असं पहिल्या आठवड्यात झालं तर मात्र सांगा, त्यावर उपचार आहे.

१८. नवऱ्याजवळ कधी जायचं? विचारायची लाज वाटते.

सहा ते आठ आठवड्यांनी, तपासणीत आतले टाके भरल्याचं कळल्यावर. त्याआधी आतली शिवण उघडण्याचा धोका असतो. हे नवऱ्याला दवाखान्यातूनच सांगायला लावा, बाईला एकटीला रोज नाही म्हणायला लावू नका. कोरडेपणा वाटला तर मेडिकलमध्ये जेल मिळतं. पिशवी नसल्याने सुख कमी होतं ही समजूत आहे. रक्तस्राव आणि दुखणं गेल्यावर कितीतरी बायांना उलट बरं वाटतं.

१९. एकदम अंगातून वाफा निघते, घाम येते, झोप नाही. हे काय?

अंडाशय काढले असतील तर पाळी जाण्याची सगळी लक्षणं एकदम येतात. पंचेचाळिशीच्या आत काढले असतील तर हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. म्हणून अशा बाईने हार्मोनच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी नक्की बोलावं. कॅन्सर किंवा गुठळीचा इतिहास नसेल तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत त्या घेणं बहुतेकींना फायद्याचं असतं. कॅल्शिअम, ड जीवनसत्त्व, रोजचं चालणं हेही हवंच. अंडाशय ठेवले असतील तर असं लगेच होत नाही, मात्र पाळी जाण्याचं वय थोडं अलीकडे येऊ शकतं. काय काढलं आहे ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. ते कार्ड जपून ठेवा.

२०. सगळं ठीक आहे, तरी रडू येते. घरचे म्हणते, आता काय झालं?

भूल, दुखणं, झोपमोड, हार्मोन आणि 'आता मी पहिल्यासारखी नाही' ही आतली सल, सगळं एकदम येतं. काही दिवस असं वाटणं साहजिक आहे. दोन आठवड्यांच्या वर मन उदास राहिलं, जेवण-झोप उडाली, जगून काय करू असं वाटलं, तर टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आशाताईलाही सांगा. आणि घरच्यांनो, तिच्याजवळ बसा.

## वेगळी परिस्थिती असेल तर

२१. घरात सिकलसेल आहे. ऑपरेशन करता येते काय?

येतं, पण तयारी वेगळी. पूर्व विदर्भात हा आजार पुष्कळ आहे, म्हणून ऑपरेशनआधी प्रत्येकीने तपासून घ्यावं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटीची तपासणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर पक्क्या तपासणीला पाठवतात. वाहक असाल तर सहसा अडचण येत नाही, तरी भूलतज्ज्ञांना सांगा. आजार असेल तर रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या दवाखान्यातच करा. पाणी कमी पडणं, थंडी वाजणं, ऑक्सिजन कमी होणं यांनी दुखण्याचा झटका येतो. त्यामुळे प्रश्न ९ मधला उपास तुमच्यासाठी सलाइनवर असेल. घरी आल्यावर हाडं दुखली, छाती दुखली, ताप आला, तर घरगुती इलाज न करता लगेच जा.

२२. अंग बाहेर येत होतं म्हणून खालून केलं. नियम तेच काय?

तेच, पण जास्त कडक. पिशवी काढताना सैल झालेला आधारही शिवलेला असतो. म्हणून वजन तीन महिने नको, आणि पुढेही गुंडावर गुंड घेणं शक्यतो कायमचं सोडा. खोकला आणि बद्धकोष्ठ यांचा इलाज आधी करा, नाहीतर अंग पुन्हा उतरू शकतं. लघवी रोखल्यासारखं आतून आवळायचे व्यायाम कधी सुरू करायचे ते तपासणीच्या वेळी विचारा.

२३. बाळंतपणात रक्त थांबेना म्हणून पिशवी काढली. बाळाले दूध पाजता येते काय?

येतं. दूध पिशवीमुळे येत नाही. रक्त फार गेलं असेल तर दूध उतरायला उशीर होतो, तरी बाळाला लावत राहा. बाळ तीन किलोचं असतं, त्याला घेता येतं, पण पाळण्यातून उचलून दुसऱ्याने हातात द्यावं. कुशीवर निजून पाजलं की चिऱ्यावर भार येत नाही. बाईला बाळंतीण आणि ऑपरेशनची रुग्ण अशी दोन्हींची काळजी लागते, आणि आता मूल होणार नाही हे तिला बहुधा शुद्धीवर आल्यावर कळलेलं असतं. मुलगी झाली म्हणून किंवा एकच मूल राहिलं म्हणून तिला बोल लावणाऱ्यांना घराबाहेर ठेवा. प्रश्न २० हिच्यासाठी जास्त लागू आहे.

२४. तपासायला पाठवलेल्या पिशवीचा रिपोर्ट आणलाच नाही. सहा महिने झाले.

आत्ताही आणा. काढलेली पिशवी तपासणीला पाठवतात ती कॅन्सर किंवा त्याआधीचा बदल नाही ना हे पाहायला, आणि डिस्चार्जच्या दिवशी तो कागद तयार नसतो. ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात डिस्चार्ज कार्ड घेऊन जा, नोंदीतून रिपोर्ट मिळतो. बाईलाच जायला हवं असं नाही, घरचं कुणीही कार्ड घेऊन जाऊ शकतं. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून दोन गोष्टी विचारा: पुढे काही उपचार लागतात का, आणि पिशवीच्या तोंडाची तपासणी चालू ठेवायची का. तोंड ठेवलं असेल किंवा आधीच्या तपासणीत दोष निघाला असेल तर ती चालू ठेवावी लागते. कॅन्सर निघाला तर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन, सगळे कागद बांधून, त्याच आठवड्यात नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात किंवा मेडिकलला जा. दवाखान्यात पिशवी तपासायला पाठवलीच नव्हती असं कळलं, तर तेही डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून एकदा तपासून घ्या.